रानातली बंदूक आणि गळ्यातली माळ

वारकऱ्याचा आचार सांगताना आम्ही कीर्तनकार मंडळी बहुधा सोपे विषय हाती घेतो. खोटे बोलू नये, परद्रव्य व परस्त्री यांचा अभिलाष धरू नये, एकादशी मोडू नये, वारी चुकवू नये. यांत वाद कोणाचा नाही. आचरणात उणे पडत असेल तेवढेच. परंतु बीड जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून हिंडताना हल्ली एक असा प्रश्न कानी येतो की ज्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तो असा : गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी बंदूक बाळगावी की नाही? आणि बाळगावी तर कोणत्या प्रकारची? वाचक म्हणतील, बाळगावी की नाही हा धर्माचा प्रश्न खरा, पण कोणत्या प्रकारची हा तर दुकानदाराचा प्रश्न झाला. आमचे मत तसे नाही. धर्माचे मर्म या दुसऱ्या प्रश्नातच दडलेले आहे. ते कसे, हे क्रमाने पाहू.

आधी रानाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. बीड जिल्हा हा बालाघाटाच्या डोंगररांगांतला, पावसाच्या वाटणीत मागे राहिलेला मुलूख. आष्टी, पाटोदा, शिरूर या बाजूस माळ फार व पाणी थोडे. खरिपाला बाजरी, तूर, कापूस, अलीकडे सोयाबीन. रब्बीला ज्वारी आणि हरभरा. ज्वारीवर घरची भाकरी आणि तिच्या कडब्यावर दावणीची जनावरे. आता गंमत अशी की, ही ज्वारी कणसात येते ती नेमकी माणसे गावात नसताना. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीला तिकडे ‘कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव लागते. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परतणे नाही. गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. आणि रात्री रानात उतरतात रानडुकरांचे कळप, रोही आणि हरणे. डुक्कर जेवढे खाते त्याच्या कितीतरी पट तुडवते आणि उकरते. एका रात्रीत बिघाभर रान लोळवलेले ज्याने सकाळी उठून पाहिले आहे, त्याला भूतदयेचे प्रवचन सांगताना आपण जरा जपून बोलावे.

अशाच एका गावी सप्ताहात, साठी उलटलेल्या एका माळकऱ्याने आम्हांस विचारले, “महाराज, पोरगा आन् सून कारखान्यावर हायेत. रातभर जागावं तर अंग साथ देईना, अन् झोपावं तर सकाळी रान साफ. एक जण म्हणतो, हलकी, आखूड, एका बाराची रायफल करून देतो, चादरीखाली मावंल अशी. घेऊ का? का आधी माळ काढून ठिऊ अन् मग घेऊ?” त्याचे शेवटचे वाक्य ऐकून आमच्या पोटात कालवले. जो माणूस बंदुकीआधी माळेचा विचार करतो, तो खरा माळकरी. आणि त्यावर माळ उतरवण्याची पाळी यावी, हे आम्हां सांगणाऱ्यांचे उणेपण. तेव्हा या प्रश्नाचा पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष नीट मांडला पाहिजे.

पहिला पूर्वपक्ष असा : माळकऱ्याने शस्त्राला शिवूच नये. सर्व भूतांच्या ठायी एकच विठ्ठल नांदतो असे आपण म्हणतो. मग डुकरात नाही काय? महिपतींनी तुकोबारायांच्या चरित्रात कथा सांगितली आहे की, तुकोबांना शेताच्या राखणीस बसवले असता त्यांनी दाणे टिपणाऱ्या पाखरांस हाकलले नाही. पाखरांची भूक त्यांना दिसली, मालकाचे नुकसान दिसले नाही. मग त्यांचे नाव घेणाऱ्याने गोफणसुद्धा का फिरवावी? बंदूक तर दूरच राहिली.

यावर आमचे उत्तर असे. कथा खरी, आणि ती ऐकताना आमचेही डोळे भरून येतात. परंतु कथा अर्धी ऐकू नये. शेताच्या मालकाने फिर्याद केली, पंच बसले, आणि नुकसान भरून देण्याचा बोजा तुकोबांच्या माथी आला. त्यांनी तो नाकारला नाही. म्हणजे पाखरांना जे दिले त्याची किंमत आपल्या अंगावर घेण्याची तयारी त्यांच्यापाशी होती. पुढे देवाने लाज राखली, हा देवाचा भाग. आपण प्रपंची माणसे डुकराला रान सोडून देतो तेव्हा किंमत कोण मोजतो? घरातली सून मोजते, नातवंडे मोजतात, मुकादमाची आणखी एक उचल डोक्यावर चढते. स्वतःचा घास देणे याचे नाव दया. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलून देणे हे दयेचे सोंग आहे. तेव्हा राखण करणे हा गृहस्थाचा धर्मच आहे. तीत पाप नाही.

शिवाय शेती करणारा माणूस हिंसेच्या बाहेर उभा आहे, असे समजणे हीच मोठी भूल आहे. आमच्या शास्त्रकारांनी ही भूल केव्हाच दूर केली. मनूने गृहस्थाच्या घरात पाच वधस्थाने सांगितली आहेत : चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. रोजचा स्वयंपाक आणि झाडलोट करतानाच जीव मरतात. म्हणून त्याला पंचमहायज्ञ सांगितले. वनपर्वातला धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला हेच सांगतो. तो मिथिलेत मांस विकणारा. आणि हा वेदपाठी ब्राह्मण त्याच्यापाशी धर्म विचारायला आलेला! व्याध म्हणतो की, नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात याचा हिशोब कोणी ठेवतो काय? चालताना पायाखाली मरतात ते निराळेच. तात्पर्य, ज्याच्या हातात कासरा आहे त्याने “मी हिंसा करीतच नाही” असा ताठा धरू नये. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन जो सकाळी रानात जातो आणि संध्याकाळी हरिपाठ म्हणतो, तोही याच पंक्तीतला.

हे ऐकले की लगेच दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो पहिल्याहून अधिक घातक आहे. तो म्हणतो : हिंसा टळतच नाही ना? मग झाले तर! नांगराने मरतात तसे गोळीने मरतील. एवढा काथ्याकूट कशाला?

याचे उत्तर योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सापडते. तेथे कोळ्याचा दाखला आहे. एखादा कोळी म्हणतो, मी मासे तेवढे मारीन, अन्य जीव मारणार नाही. याचीही गणना अहिंसेतच होते, परंतु ती मर्यादित अहिंसा. कोणी स्थळाची मर्यादा घालतो, कोणी काळाची, कोणी प्रसंगाची. जिला कसलीच सवलत नाही ती अहिंसा म्हणजे महाव्रत, आणि ते योग्याचे. आम्हांला या विचारात फार मोठा आधार वाटतो. संसारी माणसाची अहिंसा म्हणजे हिंसेला घातलेले कुंपण. कुंपण कोठे घातले, यावर माणसाची परीक्षा. आणि खूण एवढीच की, कुंपण वर्षागणिक आत आत सरकले पाहिजे. ते बाहेर सरकू लागले की जाणावे, व्रत सुटले. नांगराखाली किडा मरतो तेव्हा शेतकऱ्याला त्यात गोडी नसते. ज्या दिवशी मारण्यात गोडी वाटू लागेल, त्या दिवशी तो शेतकरी राहिला नाही, शिकारी झाला.

तेव्हा कुंपण कोठे घालावे? राजनीतीत साम, दान, भेद, दंड असे चार उपाय सांगितले आहेत आणि दंड शेवटी ठेवला आहे. रानालाही हाच क्रम लागू आहे. साम म्हणजे जाग : माचावर बसून डबा वाजवावा, गोफण फिरवावी, दिवा फिरवावा. चार शेजारी पाळी लावून बसले तर एकाच म्हाताऱ्याच्या हाडांवर सगळी रात्र पडत नाही. वारकऱ्यांच्या गावात तर टाळ-मृदंगाची वाण नाही. माचावरचे भजन देवही ऐकतो आणि डुक्करही. दान म्हणजे वाटा : बांधाकडेची एखादी ओळ आणि खळ्यावरचे चार दाणे पाखरांचे, ही आपल्या वाडवडिलांची रीत होती; वैश्वदेवातल्या भूतबळीचा अर्थ हाच. भेद म्हणजे आडवे कुंपण : काटेरी झुडपे, चर, जेथे ऐपत किंवा सरकारी मदत असेल तेथे सौरऊर्जेचे झटका देणारे तारकुंपण. हे तीन झाल्यावर चौथा. आणि जो पहिले तीन न करता थेट चौथ्यावर येतो, त्याला पीक राखायचे नसून बंदूक बाळगायची आहे, असे आम्ही समजतो.

येथेच एक गोष्ट कठोरपणे सांगून ठेवतो. बंदूक मिळत नाही म्हणून काही जण बांधाला उघडी वीज सोडतात, काही जण आमिषात गावठी बॉम्ब ठेवतात. त्या तारेला रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी चिकटतो, आणि तो बॉम्ब गायीच्या जबड्यात फुटतो. मारणारा त्या वेळी घरात झोपलेला असतो. बंदूकवाल्याला निदान समोर कोण आहे हे पाहावे लागते. याला तेही नको. असल्या हिंसेला कुंपणच नाही, म्हणून माळकऱ्याला ती सर्वथा वर्ज्य.

आता सरकारी कायदा. माळकऱ्याने कायदा वाचू नये असे थोडेच आहे? १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शेतकऱ्याचा विचार केलेला आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. तेवढ्याने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्याची खात्री झाली तर आतून गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. अशा गुळगुळीत नळीच्या बंदुकीची नळी वीस इंचांहून आखूड नसावी असे कायद्याचे माप आहे. रायफल ही निराळी वस्तू. तिच्या नळीत आतून पीळ असतो, त्यामुळे गोळी फिरत, सरळ आणि दूर जाते. अगदी बारीक गोळीसुद्धा मैलभर जाऊ शकते. आपल्याकडे रानोमाळ वस्त्या विखुरलेल्या, कोठे धनगराचा वाडा पडलेला, कोठे टोळीच्या कोप्या. चुकलेली गोळी कोणाच्या झोपडीत शिरेल याचा नेम नाही. म्हणून रायफलीसाठी कायदा वेगळे सबळ कारण मागतो, आणि ते योग्यच आहे.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. ते दोन कागद निरनिराळे. पहिला जिल्हाधिकाऱ्यांचा, दुसरा वनखात्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे रानडुक्कर किंवा रोही पिकाची नासाडी करीत असेल तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. काळवीट आणि मोर यांना कायद्याने सर्वांत वरच्या श्रेणीचे संरक्षण दिलेले आहे. पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांसाठी अभयारण्यच आहे. पीक खाल्ले गेले तर पंचनामा होऊन भरपाई मिळण्याची सोय आहे. ती उशिरा मिळते, थोडी मिळते, ही तक्रार खरी आहे. आणि तिचा निकाल सरकारने लावला पाहिजे. कारण भरपाईचा रुपया वेळेवर हातात पडला तर निम्म्या बंदुका कपाटातच राहतील.

जिवावर बेतले तर? २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली. त्या दिवसांत शेतात जायला कोणी धजेना, दिवस मावळला की दारे बंद. पुढे डिसेंबरात शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात तो बिबट्या गोळी घालून मारला गेला. आम्ही त्या घरांतला आक्रोश विसरलेलो नाही, आणि त्या आयाबायांपुढे अहिंसेचा श्लोक म्हणण्याचे धाडस आमच्याने होणार नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावाने जनावर मारले गेले तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही, शास्त्रही मानत नाही. परंतु ध्यानात घ्या की, तो प्रसंग मोजका होता, धोका नेमका होता, आणि गोळी सरकारी हुकमाने सुटली. मोजक्या प्रसंगाचे निमित्त करून कायमची सवय लावून घेऊ नये.

आता “आखूड, चादरीखाली मावेल अशी” या शब्दांकडे येऊ. आम्ही म्हटले होते की मर्म दुसऱ्या प्रश्नात आहे, ते हे. हत्यार कोणत्या मापाने घडवले यावरून ते कोणासाठी घडवले हे कळते. लांब नळीची बंदूक खांद्यावर घेऊन माणूस निघाला की सारा गाव पाहतो, पोरेसोरे मागे लागतात, बायका विचारतात, “आज कुठं निघाला बाबा?” त्या बंदुकीला लपता येत नाही, तिचा लांबपणा हीच तिची लाज आणि तीच तिची राखण. डुकराला बंदूक लांब दिसली काय आणि आखूड दिसली काय, त्याला दोन्ही सारखी. मग ती आखूड कोणासाठी करायची? ज्याच्यापासून लपवायची त्याच्यासाठी. आणि लपवायची असते ती माणसापासून. परवान्यावाचून नळी कापून आखूड करणे हा शस्त्र अधिनियमाने गुन्हाच ठरवला आहे. कायदा करणाऱ्यांनी व्यासभाष्य वाचले होते की नाही कोण जाणे. पण कुंपण मात्र त्यांनी बरोबर जागी घातले.

कोणी म्हणेल, “महाराज, म्हाताऱ्याच्या खांद्याला जड बंदूक पेलत नाही, उभ्या पिकात लांब नळी अडते, म्हणून हलकी मागतो, कपट मनात नाही.” हे म्हणणे आम्ही खोटे मानत नाही. खांद्याला न पेलणारे हत्यार धोक्याचेच. अशाने परवाना असलेल्या कारागिराकडून, कागदोपत्री, दस्ता आपल्या बेताचा करून घेण्याची वाट विचारावी. नळीला हात लावू नये. आणि हातच कापत असतील, नजर अंधारात ठरत नसेल, तर बंदूक कितीही हलकी केली तरी ती त्याच्यासाठी नव्हे. त्याने शेजाऱ्याला हाक मारावी.

त्या प्रश्नातल्या “एका बाराची” या शब्दाचे मात्र आम्हांला कौतुक वाटले. ठासणीची बंदूक भरायची म्हणजे दारू ओतायची, चिंधी सारायची, छर्रे घालायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची. एक बार झाला की पुन्हा हे सगळे पहिल्यापासून. तेवढ्या वेळात धूर निवतो आणि डोकेही निवते. बहुतेक वेळा पहिल्या आवाजालाच कळप पांगलेला असतो, दुसऱ्याची गरजच उरत नाही. जे हत्यार माणसाला विचार करायला वेळ देते ते हत्यारांत सात्त्विक म्हणावे. बोटागणिक गोळी सोडणारे जे असते ते रागाच्या वेगाने चालते, आणि रागाचा वेग आपणां सर्वांना ठाऊक आहे.

अंधाराचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पीक राखणे हे रात्रीचे काम. श्रावणबाळाची कथा कोणाला माहीत नाही? दशरथाने नुसत्या आवाजावर बाण सोडला. त्याच्या मनात वाईट नव्हते, नेम चुकला नव्हता. चुकले ते एवढेच की, पाहण्याआधी सोडला. आणि ज्या धर्मव्याधाचे नाव वर घेतले, त्याच्या पूर्वजन्माची हकीगत वनपर्वातच आहे. तो ब्राह्मण होता. राजाच्या संगतीने त्याला धनुष्याची गोडी लागली, शिकारीस गेला आणि त्याचा बाण एका ऋषीला लागला. ते शापाचे फळ म्हणून व्याधाचा जन्म. या पुराणातल्या गोष्टी म्हणून कोणी सोडून देऊ नये. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात मनोरच्या रानात रानडुकराच्या शिकारीस गेलेल्या मंडळींची गोळी डुक्कर समजून आपल्याच सोबत्याला लागली आणि तो मेला. शरयूचा काठ काय आणि मनोरचे रान काय, अंधार तोच.

आता आम्हांला जे मुख्य सांगायचे आहे ते सांगतो. अर्जुनाचे गांडीव सर्वांच्या परिचयाचे. भगवंतांनी रथात गीता सांगितली तेव्हा ते त्याच्या हातून गळत होते, एवढे आपण नेहमी सांगतो. पण ते त्याच्याकडे आले कोठून? खांडववन जाळण्याच्या वेळी अग्नीने ते वरुणाकडून आणून त्याला दिले. म्हणजे गांडीव पहिल्याने चालले ते वनातल्या जिवांवर. आगीतून पळणारी श्वापदे, उडणारी पाखरे यांच्यावर. कारण काय, तर रान मोकळे करायचे. आणि तेच धनुष्य पुढे कुरुक्षेत्रावर भीष्मांवर चालले, गुरूवर चालले, सख्ख्या भावावर, कर्णावर चालले. आम्ही अर्जुनाला दोष देत नाही. देव ज्याचा सारथी त्याला दोष देणारे आम्ही कोण? एवढेच दाखवतो की, रानासाठी घरात आलेले शस्त्र रानातच राहते असा भरवसा महाभारताने दिलेला नाही.

हेच आपल्या जिल्ह्यात घडताना आपण पाहिले. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची अपहरण करून हत्या झाली. ती हत्या बंदुकीने झाली नव्हती. परंतु त्यानंतर जिल्ह्यातल्या बंदुकांचा हिशोब चव्हाट्यावर आला. परवाने बाराशेहून अधिक निघाले. कोणी कमरेला पिस्तूल लावून छायाचित्रे काढलेली, कोणी हवेत बार काढताना दिसलेला. पुढे प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. या बाराशेत खऱ्या राखणीच्या किती होत्या आणि मिरवण्याच्या किती, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे. लग्नाच्या वरातीत बार काढणे हा २०१९ च्या दुरुस्तीपासून स्पष्टपणे गुन्हा आहे. आनंद झाला म्हणून बंदूक, राग आला म्हणून बंदूक, निवडणूक आली म्हणून बंदूक. मग डुकराचे नाव कशाला बदनाम करता? बिचारे डुक्कर पोटासाठी येते.

तिसरा पूर्वपक्ष आमच्या वडीलधाऱ्यांचा आहे आणि त्याचा मान राखून बोलले पाहिजे. ते म्हणतात, “निजामाच्या राजवटीत आम्ही निःशस्त्र होतो म्हणून रझाकारांपुढे लाचार झालो. हाती हत्यार असते तर गावे लुटली गेली नसती.” १९४७-४८ च्या त्या दिवसांत मराठवाड्याने जे भोगले ते खरे आहे, आणि १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस आपण विसरू शकत नाही. परंतु तो काळ राज्यच रयतेवर उलटल्याचा होता. त्या वेळी ज्यांनी शस्त्र धरले त्यांनी ते गावासाठी धरले, आणि काम झाल्यावर खाली ठेवले. आज जो उठतो तो त्या पिढीचे नाव घेऊन स्वतःच्या रुबाबासाठी मागतो. त्यांचा वारसा सांगायचा असेल तर खाली ठेवण्याचाही सांगावा.

आणि येथे पुन्हा गांडीवच आठवते. यादवांच्या अंतानंतर अर्जुनाला ते नीट चढवताही येईना, इतके त्याचे बळ सरले होते. तरी महाप्रस्थानाला निघताना त्याने ते सोडले नव्हते. लोभाने जवळच ठेवले होते, असे व्यासांनी स्वच्छ लिहिले आहे. राज्य सुटले, घर सुटले, धनुष्य सुटेना! शेवटी अग्नी वाटेत आडवा उभा राहिला आणि म्हणाला, ज्याचे त्याला परत कर. तेव्हा अर्जुनाने ते पाण्यात टाकले. शस्त्र हे नेहमी उसने असते, हे यातले सार. सरकारसुद्धा परवाना पाच वर्षांपुरताच देते आणि निवडणुकीच्या दिवसांत बंदुका ठाण्यात जमा करायला लावते. म्हणजे तेही उसनेपणाची आठवणच देते.

तर आमचा निर्णय असा. ज्याचे पीक खरोखर जाते, ज्याने जाग, वाटा आणि कुंपण हे तिन्ही उपाय करून पाहिले, त्याने दोन्ही कागद रीतसर घेऊन राखणीची साधी, लांब, एका बाराची बंदूक बाळगली तर त्याची माळ विटाळत नाही. माळ उतरवण्याचे कारण नाही. उलट माळ गळ्यात असलेली बरी, म्हणजे चाप ओढण्याआधी हात तिच्याकडे जाईल. पहिला बार हवेतही नको, जमिनीवरही नको. पहिला आवाज डब्याचा आणि तोंडाचा. समोर काय आहे ते डोळ्यांनी दिसल्यावाचून बार नको. जीव मारावा लागलाच तर त्याची बढाई नको, आणि मेलेले रान वनखात्याच्या स्वाधीन करावे, ताटात आणू नये. बंदूक शिवारातून गावात, गावातून लग्नात, लग्नातून भांडणात कधीही जाऊ नये. वारीला निघताना ती परवानाधारक दुकानदाराकडे किंवा ठाण्यात ठेवून पावती घ्यावी. शेती विकली, मुलगा ऊसतोड सोडून घरी राहिला, कुंपण झाले, तर गरज संपली; मग परवाना परत करावा. ज्याला परत करताना जीव तुटतो, त्याने ओळखावे की बंदूक शेतात नव्हती, मनात होती.

आणि गावानेही आपला वाटा उचलावा. भगवानबाबांसारख्या सत्पुरुषांनी याच भागात जत्रांतला पशुवध थांबवण्यासाठी खटपट केली, तेव्हा त्यांनी नुसता उपदेश केला नाही, नामाचे सप्ताह लावून दिले. आपण सप्ताहाला पहाऱ्याच्या पाळ्या लावतो, वीणा अहोरात्र खाली ठेवत नाही. एकजण दमला की दुसरा उभा राहतो. तीच पाळी ज्वारी कणसात असेपर्यंत शिवारात का लावू नये? ज्यांची पोरे कोयत्यावर गेली त्यांच्या रानात गावात राहिलेल्यांनी एक एक रात्र बसावे. म्हातारा निश्चिंत झोपेल, डुक्कर आल्या वाटेने परत जाईल, आणि पुष्कळ घरांत बंदूक घेण्याची वेळच येणार नाही. विण्याचा पहारा आणि रानाचा पहारा यांत पांडुरंग भेद करील असे आम्हांला वाटत नाही.

रामकृष्णहरि.